शेऱ्याचा रकाना

उपकेंद्रातल्या गरोदर मातांच्या रजिस्टरला अगदी उजवीकडे एक रकाना असतो, शेऱ्याचा. बाकीचे रकाने तारखांचे आणि आकड्यांचे: शेवटची पाळी, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, टीडीचं (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन, बाळंतपणाची तारीख, बाळाचं वजन. हे सगळं महिनाअखेर ऑनलाइन चढतं. मी हे चढवायचं काम करत होते तेव्हा माझ्या स्क्रीनवर शेऱ्याला जागा नव्हती. आणि खरी हकिगत बहुतेक वेळा तिथेच असायची, दोन बोटं रुंदीच्या त्या पट्टीत, तिरक्या बारीक अक्षरात. ‘माहेरी गेली.’ ‘घर बंद.’ ‘मिरची तोडायला गेले.’ ‘सासू नाही म्हणते.’ ‘निंदण चालू, संध्याकाळी येते म्हणाली.’

मी यवतमाळ जिल्ह्यातली, घाटंजी तालुक्यातली. बी.एस्सी.ला संख्याशास्त्र घेतलं होतं. नंतर काही वर्षं कंत्राटावर डाटा एन्ट्री ऑपरेटर म्हणून काम केलं, आणि आता पुण्यात हेल्थ डेटा सायन्समध्ये एम.एस्सी. करते आहे, शेवटचं सत्र चालू आहे. गावाकडे कोणी विचारलं, काय शिकून रायली बाई, तर मी सांगते, दवाखान्यातल्या आकड्यांचा अभ्यास. विचारणाऱ्याला तेवढं पुरतं. मला मात्र पुरत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

अभ्यासक्रमात काय असतं ते थोडक्यात सांगते, कारण ते कुठल्याही संस्थेच्या माहितीपत्रकात मिळेल. जैवसंख्याशास्त्र, साथरोगशास्त्र, एसक्यूएल ही साठवलेल्या माहितीतून हवं ते काढायची भाषा, आर आणि पायथन या संगणकाच्या भाषा, सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिस, मशीन लर्निंग, आजारांचे आंतरराष्ट्रीय कोड, एका दवाखान्याची माहिती दुसऱ्या दवाखान्याच्या संगणकाला कळावी म्हणून ठरवलेली मानकं, आणि नीतिशास्त्र. वर्गात निम्मे डॉक्टर, दंतवैद्य, फार्मसीवाले. निम्मे इंजिनिअर नाहीतर संख्याशास्त्रवाले. पहिल्या सत्रात डॉक्टरांना कोडिंग जड जातं आणि इंजिनिअरांना साथरोगशास्त्र. दुसऱ्या सत्रापर्यंत सगळे एका पातळीवर येतात. हे सगळं मन लावून शिकण्यासारखं आहे. पण ज्या विषयानं मला धरून ठेवलं तो वेगळाच निघाला. गहाळ माहितीचा.

डोनाल्ड रुबिन या संख्याशास्त्रज्ञानं १९७६ साली गहाळ माहितीची जी मांडणी केली, ती आजही जगभर शिकवतात. रिकाम्या रकान्यांचे तीन प्रकार असतात. ते मी आमच्याकडच्या हिमोग्लोबिनच्या रकान्यावरून सांगते. तपासणीच्या दिवशी मशीनची बॅटरी गेली आणि आलेल्या बायांची नोंद राहिली, तर तो रकाना निव्वळ योगायोगानं रिकामा राहिला. त्या बायांच्या तब्येतीशी त्याचा काही संबंध नाही. दुसरी बाई पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या छोट्या वस्तीवर राहते. पावसाळ्यात नाल्याला पाणी होतं, ती आली नाही. इथे रकाना रिकामा राहण्याला कारण आहे, पण ते कारण आपल्याकडच्या माहितीत दिसतं, कारण तिचं पोड आणि महिना दोन्ही लिहिलेले आहेत. हिशेब करून ती उणीव बरीचशी भरून काढता येते. तिसरी बाई आली नाही, कारण चार पावलं चाललं की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तिचा रकाना हिमोग्लोबिन कमी आहे म्हणूनच रिकामा आहे. जो आकडा हवा, त्या आकड्यानंच स्वतःला लपवलं.

कागदावर तिन्ही रकाने सारखेच कोरे दिसतात. रुबिनच्या मांडणीतली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट पुढे आहे: दुसरा प्रकार की तिसरा, हे हाती असलेल्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. कितीही भारी संगणक आणा, कितीही नवं मॉडेल चालवा, जे लिहिलंय त्यातून हे कळत नाही. ते बाहेरून आणावं लागतं. ज्याला रकाना कोरा का राहिला हे माहीत आहे, त्याच्याकडून. आमच्याकडे ते आशाताईला माहीत असतं, सिस्टरला माहीत असतं, आणि त्यांनी ते शेऱ्यात लिहून ठेवलेलं असतं.

माहेरचं उदाहरण घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आपल्याकडे अजून पक्की आहे. सातव्या-आठव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि पोरगी माहेरी जाते. आता कागदावर काय घडतं पाहा. सासरच्या उपकेंद्रात तिची नोंद तिसऱ्या महिन्यात झालेली. दोन-तीन तपासण्या झालेल्या, मग पुढचे सगळे रकाने कोरे. बाळंतपण कोरं, बाळाचं वजन कोरं. माहेरच्या तालुक्यात मात्र एक बाई आठव्या महिन्यात अचानक उगवते. आधीची एकही तपासणी नाही, बाळंतपण झालं, बाळ अडीच किलोचं. सासरच्या यादीत ती ‘संपर्क तुटलेली’, माहेरच्या यादीत ‘तपासणीविना बाळंत झालेली’. म्हणजे जिची काळजी दोन्ही घरांनी, दोन्ही आशाताईंनी व्यवस्थित घेतली, ती बाई दोन्हीकडच्या आकड्यांत हेळसांड झालेली म्हणून मोजली जाते. यावरून कोणी निष्कर्ष काढला की या तालुक्यात उशिरा नोंदणीचं प्रमाण वाढलंय, तर गणित चुकलेलं नसेल. पण ते गणित ज्या बाईबद्दल आहे, तशी बाईच गावात नाही.

महिनाअखेरीला अपुऱ्या राहिलेल्या नोंदींची पेंडिंग यादी निघायची तेव्हा मी सिस्टरना फोन लावायची. एक सिस्टर होत्या, आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, “अवं बाई, ते मायेरी गेली न. आर्णीले. ताजी बातमी आहे, पोरगा झाला, नॉर्मल झाली. तू लिव ना.” मी म्हणायची, सिस्टर, लिहायला जागा नाही, तारीख आणि संस्थेचा कोड लागतो. त्या म्हणायच्या, “मंग मी शेऱ्यात लिवलं आहे, कोनी पायलं तर दिसन.”

मी हे पाहिलं होतं, म्हणून मला माहीत होतं. वर्गातल्या माझ्या हुशार मित्रमैत्रिणींना ते माहीत असण्याचं कारणच नव्हतं. मुंबईत वाढलेल्या एका मैत्रिणीनं मला विचारलं, मग दोन्ही नोंदी जोडून का टाकत नाही? प्रश्न अगदी बरोबर होता. नोंदी जोडण्याचं शास्त्रच आहे. इवान फेलेगी आणि अ‍ॅलन सन्टर या दोघांनी १९६९ साली त्याचा पाया घातला. दोन याद्यांतल्या प्रत्येक जोडीसाठी नाव जुळतं का, वय जुळतं का, गाव जुळतं का हे बघायचं आणि प्रत्येक जुळण्याला वजन द्यायचं. दुर्मीळ गोष्ट जुळली तर वजन जास्त, सर्रास आढळणारी जुळली तर कमी. सगळ्या वजनांची बेरीज एका हद्दीच्या वर गेली की माणूस एकच, असं धरायचं.

आता हे आमच्या पोरीला लावून बघा. लग्नाआधी तिच्या नावामागे बापाचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं. आडनाव बदललं. कित्येक घरांत लग्नात पहिलं नावही बदलतात. सासरच्या रजिस्टरात नवीन नाव, माहेरी सगळे जुन्याच नावानं हाक मारतात आणि तिथली आशाताई लहानपणापासूनची ओळखीची, ती तेच लिहिते. आधारवर कधी हे, कधी ते. सासरी नवऱ्याचा मोबाइल नंबर दिलेला, माहेरी भावाचा. गाव तर वेगळंच. म्हणजे जोडणीसाठी ज्या ज्या खुणा वापरायच्या, त्या सगळ्या लग्न नावाच्या एका दिवसात बदलून जातात. पुरुषांच्या नोंदी जोडायला ही अडचण येत नाही. परदेशात तयार झालेली जोडणीची सॉफ्टवेअर पॅकेजेस नावातली अक्षरं सरकली, स्पेलिंग बदललं तर सांभाळून घेतात. माणसाचं सगळं नावच बदललं तर ती हात टेकतात. मी आणि माझ्या गाइडनी म्हणून वेगळ्या खुणा धरल्या: शेवटच्या पाळीची तारीख, रक्तगट, आधीची बाळंतपणं, उंची. या गोष्टी बाईबरोबर माहेरी जातात. त्यातही पाळीची तारीख दोन्हीकडे तंतोतंत एक नसते. सासरी ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ असं सांगून सिस्टरनं कॅलेंडर बघून तारीख टाकलेली, माहेरी आईनं ‘गणपतीच्या आधी’ सांगितलेलं. पोळा आणि गणपती यांच्यात अंतर असतं चार-सहा दिवसांचं. तेवढी सूट देऊन जोड्या लावायच्या. जोडणीच्या नियमात पोळा-गणपती घालावे लागतील असं मला प्रवेश घेताना कोणी सांगितलं नव्हतं. पण ते घातल्यावर जोड्या जुळायला लागल्या, आणि त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मी अजून विसरलेले नाही.

तारखांचं निघालंच आहे तर १ जूनबद्दलही सांगते. तीस वर्षांवरच्या माणसांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी होते, आशाताई घरोघर जाऊन फॉर्म भरतात. त्या यादीतल्या जन्मतारखा मांडून बघा. १ जूनला उंच सुळका दिसतो. आपल्याला हसू येत नाही, आश्चर्यही वाटत नाही, कारण आपल्या प्रत्येकाच्या घरात १ जूनला जन्मलेला एक काका किंवा आजोबा आहे. शाळेत नाव घालायला नेलं, तारीख माहीत नव्हती, गुरुजींनी सहाव्या वर्षात बसेल अशी १ जून टाकून दिली. फेलेगी-सन्टरच्या हिशेबात अशा १ जूनचं वजन जवळजवळ शून्य धरावं लागतं. दोन याद्यांत दोन माणसांची जन्मतारीख १ जून निघाली, तर त्यावरून ती एकच असं काही म्हणता येत नाही. वयाचंही तसंच. साठ, पासष्ट, सत्तर या वयांची माणसं भरपूर, एकसष्ट आणि अडुसष्टची कमी. रक्तदाबाच्या रकान्यात १२०/८० ची रांग. हे सगळं ओळखायला शिकवतात, मोजायला शिकवतात, आणि ते शिकणं फार उपयोगाचं आहे. वय पाचाच्या पटीत गोळा झालं की ते किती झालं हे मोजण्याचा एक निर्देशांकच आहे, व्हिपल नावाचा.

मात्र काही कोऱ्या जागांमागे तारीख-नावापेक्षा खूप जड गोष्टी असतात.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. आमच्या भागात त्या हंगामाबद्दल अजूनही लोक आवाज खाली करून बोलतात. आता आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत बघा. कीटकनाशकाची अपघाती विषबाधा म्हणजे एक्स-४८. तेच कीटकनाशक स्वतः जाणूनबुजून घेतलं तर एक्स-६८. हेतू ठरवता आला नाही तर वाय-१८. तिन्ही रुग्णांच्या अंगात विष तेच, तोंडाला फेस तोच, अ‍ॅट्रोपिनची सुई तीच. कोड ठरतो तो कोणी काय सांगितलं आणि रात्री अपघात विभागात कोणी काय लिहून घेतलं यावर. केसपेपरवर घाईत नुसतं ‘पॉयझनिंग’ लिहिलं गेलं की पुढच्या साखळीतला माणूस अंदाजानं कोड टाकतो. आमच्या जिल्ह्याचं नाव आत्महत्यांसाठी इतकं झालेलं आहे की अंदाज कुठे झुकेल हे सांगायला नको. फवारणी करताना विष चढलेला मजूर आकड्यांत आत्महत्येचा प्रयत्न करणारा म्हणून गेला, तर त्याच्या घरच्यांना मदत मिळण्याचा प्रश्न वेगळा होतो, फवारणीच्या औषधावर बंदी हवी का हा प्रश्न वेगळा होतो, आणि मास्क-हातमोजे कोणी द्यायचे हा प्रश्न तर उभाच राहत नाही. ‘फवारून आला, चक्कर, उलट्या’ एवढे चार शब्द शेऱ्यात असले तर सगळं बदलतं.

असे चार शब्द लिहून घेतले तर काय होऊ शकतं, याचा मोठा पुरावा आपल्याच देशात आहे, आणि प्रत्येक डेटा सायन्सच्या विद्यार्थ्यानं तो नीट समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे मृत्यूची नोंद १९६९ च्या कायद्यानं सक्तीची आहे. पण मृत्यूचं कारण डॉक्टरनं प्रमाणित करण्याचं प्रमाण देशभरात नोंदलेल्या मृत्यूंच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढंच आहे. घरी गेलेल्या माणसाचं कारण कोणी लिहायचं? साथरोगतज्ज्ञ प्रभात झा आणि देशातल्या जन्म-मृत्यूंच्या नोंदी बघणारं रजिस्ट्रार जनरलचं कार्यालय यांनी मिळून ‘मिलियन डेथ स्टडी’, म्हणजे दहा लाख मृत्यूंचा अभ्यास केला, त्यात ही वाट शोधली. ज्या घरात मृत्यू झाला तिथे प्रशिक्षित माणूस जायचा, प्रश्नावली भरायचा, आणि त्याबरोबर घरच्यांच्या तोंडून काय घडलं ते स्थानिक भाषेत, मोकळेपणानं, अर्ध्या पानात लिहून घ्यायचा. मग दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता ते वाचून कोड ठरवायचे. जमलं नाही तर तिसऱ्याकडे.

त्यातून सापाचं जे निघालं ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. २००५ या एका वर्षात देशात साप चावून सुमारे ४६,००० माणसं गेली असा अंदाज आला. दवाखान्यांच्या आकडेवारीत यातली फारच थोडी दिसत होती, कारण बहुतेक माणसं दवाखान्यात पोचण्याआधीच गेली होती. जवळजवळ सगळी खेड्यांतली, जास्त करून पावसाळ्याच्या महिन्यांत. पुढे २०२० च्या अभ्यासात २००० ते २०१९ या काळात १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० मृत्यू असा अंदाज आला. आमच्याकडे रात्री ओलिताला गेलेल्या माणसाला काय होऊ शकतं हे प्रत्येक घराला माहीत होतं. माहीत होतं, पण मोजलेलं नव्हतं. ज्या दिवशी शेऱ्याला अर्धं पान दिलं, त्या दिवशी ते मोजलं गेलं.

विदर्भातलंच बघायचं तर गडचिरोलीचं काम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घ्यायला लावलं आणि तेवढ्याच काटेकोरपणे प्रत्येक जन्म, प्रत्येक मृत्यू टिपला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवसांना जाऊन बाळ बघते, त्याचं मूळ तिथे आहे. या कामाबद्दल बोलताना सगळे बाळं वाचली हे सांगतात, आणि तेच आधी सांगायला हवं. मी त्यात आणखी एक बघते. ती माहिती गोळा करणाऱ्या बाया त्याच गावच्या होत्या. कोणाच्या घरी पाळणा हलला आणि कोणाच्या घरी हलायचा थांबला, हे त्यांच्यापासून लपणं शक्य नव्हतं. त्यांच्या आकड्यांत कोऱ्या जागा कमी होत्या, कारण मोजणारा आणि ज्याला मोजायचं तो एकाच विहिरीवर पाणी भरत होते.

उलट बाजूचं उदाहरण वर्गात शिकले, अमेरिकेतलं. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला अभ्यास. तिथे कोणत्या रुग्णाला जादा मदतीची गरज आहे हे सांगणारी एक संगणकीय पद्धत वापरात होती. तिनं गरज मोजायला खर्च धरला: ज्याच्या उपचारावर जास्त खर्च झाला तो जास्त आजारी. पण काळ्या रुग्णांवर, आजार तेवढाच असूनही, खर्च कमी होत होता. त्यामुळे त्या पद्धतीनं गोऱ्या रुग्णाइतकेच गुण दिलेला काळा रुग्ण प्रत्यक्षात त्याच्याहून जास्त आजारी निघाला. ही चूक दुरुस्त केली तर जादा मदत मिळणाऱ्यांत काळ्या रुग्णांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्के होईल असं संशोधकांनी दाखवलं. ते वाचताना मला अमेरिका दिसत नव्हती. तपासणीला पाच वेळा आलेली बाजारगावची बाई आणि एकदाही न आलेली पोडावरची कोलाम बाई दिसत होती. तपासण्यांच्या संख्येवरून जोखीम ठरवणारं एखादं अ‍ॅप उद्या आमच्या तालुक्यात आलं, तर जिच्या नोंदी जास्त तिच्याकडे लक्ष जास्त जाईल. असं अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या टेबलावर पोड बघितलेला माणूस बसलेला असायलाच हवा. याबाबतीत माझं मत पक्कं आहे आणि मी ते प्रत्येक चर्चासत्रात मांडते.

माझा प्रबंध शेऱ्याच्या रकान्यावर आहे. नीतिशास्त्र समितीची परवानगी घेऊन, नावं झाकून, काही रजिस्टरांतले शेरे आम्ही टंकून घेतले आणि त्यांची वर्गवारी केली. संगणकाला भाषा वाचायला शिकवायची म्हणजे आधी माणसानं काही हजार ओळी हातानं वाचून त्यांवर खुणा करायच्या असतात. इंग्रजी डिस्चार्ज कार्डं वाचणारी मॉडेल्स जगात भरपूर आहेत. ‘मायरी गे.’, ‘मि. तो. तेलं.’ असं वाचणारं कुठून असणार? दुसरा शेरा मला लगेच कळला: मिरची तोडायला, तेलंगणात. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडून, काही यवतमाळच्या कडेच्या गावांतूनही माणसं मिरचीच्या तोडणीला तिकडे जातात, लेकराबाळांसकट. त्या हंगामात लसीकरणाचे डोस चुकतात, आणि मे-जूनमध्ये परत आल्यावर एकदम भरून निघतात. कोरी जागा का पडली हे कळलं की ती कशी भरायची तेही कळतं: तोडणीला जायच्या आधी डोस देता येतो, निघताना कार्ड बरोबर देता येतं.

खुणा करायच्या कामात आम्ही सेवेत असलेल्या सिस्टर आणि आशाताईंना बसवलं, मानधन देऊन. ‘सासू नाही म्हणते’ हा शेरा नकार म्हणून धरायचा की नाही, यावर त्यांच्यात अर्धा तास चर्चा झाली. एका आशाताईचं म्हणणं होतं, तो नकार नाहीच. सासू पहिल्यांदा नाही म्हणते, दुसऱ्यांदा चहा करते, तिसऱ्यांदा स्वतः सुनेला घेऊन येते. “तिले नकार नोको लिवू. ‘पुन्हा जाणे’ लिव.” आम्ही तसा वेगळा गट केला. माझ्या प्रबंधातला मला सगळ्यात आवडणारा गट तोच आहे.

एक धोकाही आहे, त्यावर बोललंच पाहिजे. शेरा जितका खरा, तितका तो बाईला उघडं पाडणारा. विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ हे उद्दिष्ट ठेवून ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तपासणी व्हायलाच हवी, त्यातून जीव वाचतात. पण एखादी पोरगी फक्त वाहक आहे, तिला स्वतःला त्रास काही नाही, आणि हे सोयरिकीच्या वेळी बाहेर फुटलं तर काय होतं हे आपण जाणतो. नाव काढून टाकलं की झालं, असं शहरात बसून वाटतं. वीस-पंचवीस घरांच्या पोडात ‘वय २२, दुसरी खेप, वाहक’ एवढ्यावरून कोण ते कोणीही सांगेल. लटान्या स्वीनी या संशोधिकेनं अमेरिकेत दाखवलं होतं की पिन कोड, जन्मतारीख आणि लिंग या तीनच गोष्टींवरून ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. तिथली लोकवस्ती बघता आमचं पोड तर तळहाताएवढं. म्हणून आम्ही ठरवलं आहे की छोट्या वस्तीचे आकडे कधीही सुटे द्यायचे नाहीत, शेजारच्या वस्त्यांत मिळवूनच द्यायचे, आणि शेऱ्यांतला मूळ मजकूर कोणालाही द्यायचा नाही, फक्त गटांची नावं. काही जणांना यानं संशोधन अवघड होतं असं वाटतं. अवघड झालं तरी चालेल.

१९६९ साली सुरू झालेलं सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय पहिल्या वर्षाच्या मुलांना गावात राहायला पाठवत आलं आहे, घरं वाटून देतं, त्या घरांची तब्येत त्यांनी बघायची. डॉक्टर होण्याआधी माणसं बघायची. डेटा सायन्सच्या प्रत्येक पदव्युत्तर अभ्यासक्रमात असं काही असावं. पंधरा दिवस एखाद्या उपकेंद्रात, लसीकरणाच्या दिवशी, सिस्टरच्या शेजारी खुर्ची टाकून. रजिस्टर कसं भरलं जातं, कोण उभं असतं, कोण दारातून परत जातं हे बघितल्याशिवाय त्या रजिस्टरावर मॉडेल चालवायची परवानगी देऊ नये, असं मी आमच्या संस्थेत लेखी सुचवलं आहे.

आणि त्याहून सोपं म्हणजे इथल्या पोरापोरींनीच हा विषय घ्यावा. मध्यंतरी आमच्या गावच्या आशाताईंच्या मुलीचा फोन आला. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. “ताई, मले कोडिंग येत नाही, इंग्रजीही अशीतशीच. हे मले जमन का?” मी तिला जे सांगितलं ते इथेही लिहिते, म्हणजे आणखी कोणाला हवं असेल तर उपयोगी पडेल. कोडिंग आत्ता आलंच पाहिजे असं नाही, पहिल्या सत्रात मुळापासून शिकवतात. संख्याशास्त्र मात्र आत्तापासून पक्कं कर: सरासरी, विचरण, संभाव्यता, रिग्रेशन. आर आणि पायथन दोन्ही फुकट मिळतात, साधा सेकंडहँड लॅपटॉप चालतो. एसक्यूएल आधी शीक, ते सोपं आहे आणि सगळीकडे लागतं. इंग्रजी वाचायची सवय ठेव, बोलणं आपोआप येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं २०१९-२१ चं यवतमाळ जिल्ह्याचं पत्रक इंटरनेटवर आहे, ते उतरवून घे आणि एकेक आकडा आईला वाचून दाखव. आई जिथे म्हणेल “हे असं नाही”, तिथे थांब आणि का ते लिहून काढ. ते लिहिलेलं प्रवेशाच्या मुलाखतीला घेऊन जा.